इंजिन तापण्याचे अचूक निदान : नारायणगावजवळच्या एका गॅरेजविषयी

संगमनेरहून कांदा भरून चंदनापुरी घाट चढताना आमच्या डिझेल पिकअपचा तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकत असे, सपाट रस्त्यावर मात्र तक्रार नसे. आधीच्या गॅरेजने थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार इंजिनातले पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, बदलून दिला. फरक पडला नाही.

नारायणगावजवळच्या या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी एकच गोष्ट खोदून विचारली : गाडी उभी असताना तापते, की ओझे घेऊन चढताना? उभ्या गाडीत तापत असेल तर संशय आधी पंख्यावर जातो. ओझ्याखाली तापत असेल तर रेडिएटरमधून, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या जाळीतून, पाणी पुरेसे फिरते का, हे पाहावे लागते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच त्यांनी रेडिएटरचे झाकण काढले, हातपंपाने दाब देऊन गळती तपासली आणि निळ्या द्रावणाची चाचणी घेतली. हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या (हेडखालच्या) सीलमधून, जळलेला वायू पाण्यात येत असता तर त्या द्रावणाचा रंग बदलला असता. ते निळेच राहिले, आणि हेड उतरवण्याचा मोठा खर्च टळला. मग गरम इंजिनावर रेडिएटरची जाळी तापमापकाने इंचाइंचाने तपासली, तेव्हा खालचा एक कोपरा चक्क गार निघाला. बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांनी नळ्या बुजल्या होत्या.

नळ्या साफ करून, डिस्टिल्ड वॉटर मिसळलेले कूलंट भरून दिले. तपासणीचे पैसे वेगळे घेतात, आणि ते योग्यच आहे. परंतु निष्कर्ष लेखी देत नाहीत, ही उणीव त्यांनी दूर करावी. भरल्या गाडीने घाट चढताना काटा आता मध्यावरच राहतो.