टी२, टी३ की टी४जी? जुना सर्व्हर जास्त महाग का पडतो

एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनची भाड्याने सर्व्हर देणारी क्लाउड सेवा) बरीच वर्षं टी२.मीडियम या प्रकारचा सर्व्हर चालू असेल, तर तो तसाच ठेवण्यात काहीही फायदा नाही. व्हर्जिनिया रीजनमध्ये लिनक्ससाठी त्याचा दर तासाला ०.०४६४ डॉलर आहे, टी३.मीडियमचा ०.०४१६ आणि टी४जी.मीडियमचा ०.०३३६. तिन्हींत २ व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) आणि ४ जीबी रॅम. महिन्याचे ७३० तास धरले तर साधारण ३३.९, ३०.४ आणि २४.५ डॉलर होतात. मुंबई रीजनचे दर वेगळे आहेत, ते दरपत्रकात बघून घ्या.

नवं असून स्वस्त कसं? टी२ (२०१४) झेन हायपरवायझरवर (एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो. तिथे नेटवर्क आणि डिस्कचं काम त्याच मशीनच्या सीपीयूला करावं लागतं, म्हणजे तेवढा सीपीयू भाड्याने देता येत नाही. टी३ (२०१८) नायट्रो या एडब्ल्यूएसच्या नव्या व्यवस्थेवर आहे. ते काम वेगळ्या कार्डांवर गेलं आणि जवळजवळ सगळा सीपीयू ग्राहकांसाठी मोकळा झाला. टी४जीमध्ये (२०२०) ग्रॅव्हिटॉन२ हा एडब्ल्यूएसचा स्वतःचा प्रोसेसर आहे, त्यामुळे बाहेरच्या चिप कंपनीचा नफा त्यात धरावा लागत नाही. पण तुमचा सर्व्हर आपोआप नव्यावर जात नाही, तो तुम्हालाच हलवावा लागतो.

हलवण्याआधी एक सेटिंग बघाच. टी२ मूळ 'स्टँडर्ड' मोडमध्ये असतो: क्रेडिट (कमी वापराच्या वेळी साठलेला सीपीयूचा कोटा) संपले की सर्व्हर मंद होतो, बिल वाढत नाही. टी३ आणि टी४जी मुळातच 'अनलिमिटेड'मध्ये सुरू होतात: सर्व्हर मंद होत नाही, जादा वापराचं बिल लागतं. मीडियमची बेसलाइन, म्हणजे साठलेले क्रेडिट न वापरता कायम मिळणारा सीपीयू, प्रत्येक व्हीसीपीयूला २० टक्के आहे. एखादी अडकलेली प्रोसेस दोन्ही व्हीसीपीयू १०० टक्क्यांवर धरून बसली, तर क्रेडिट संपल्यावर टी३वर जादा १.६ व्हीसीपीयू-तास (दोन्हींचे वरचे ८०-८० टक्के) गुणिले ०.०५, म्हणजे तासाला ०.०८ डॉलर वर लागतात. मूळ दराच्या जवळपास दुप्पट! सीपीयू सतत चढाच राहत असेल तर टी मालिका सोडून क्रेडिटची भानगड नसलेली एम मालिका घ्या. नाहीतर मोड 'स्टँडर्ड' करा आणि बिलाचा अलार्म लावा.

टी२वरून टी३वर जाणं सोपं आहे: स्नॅपशॉट घ्या, सर्व्हर थांबवा, टाइप बदला, सुरू करा. अडतं ते जुन्या एएमआयवर (ज्यावरून सर्व्हर उभा केला ती सिस्टिमची इमेज). ईएनए (नेटवर्कचा) आणि एनव्हीएमई (डिस्कचा) ड्रायव्हर आधीच टाकलेले हवेत. डिस्कची नावंही एक्सव्हीडीएफसारखी न राहता एनव्हीएमई१एन१ अशी होतात, म्हणून एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, लिहा, नाहीतर सर्व्हर बूट होताना अडकेल. इलॅस्टिक आयपी (कायम राखून ठेवलेला पत्ता) नसेल तर पब्लिक आयपीही बदलतो.

टी४जी सगळ्यात स्वस्त, पण तो आर्म आहे, म्हणजे टी२-टी३च्या एक्स८६पेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर. टाइप बदलून तिथे जाता येत नाही; आर्मच्या एएमआयवर नवा सर्व्हर उभा करून डेटा हलवावा लागतो. पीएचपी, नोड, जावा, पोस्टग्रेस यांना काही अडचण नाही. फक्त एक्स८६साठी बनवलेली डॉकर इमेज (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) मात्र 'एक्झेक फॉरमॅट एरर' देऊन थांबते, आणि विंडोज तर तिथे चालतच नाही. असं काही नसेल तर आमची पसंती टी४जीलाच.

डिस्कही त्याच वेळी जीपी२ या जुन्या प्रकारावरून जीपी३ या नव्या प्रकाराची करून टाका. ५० जीबीचे महिन्याला ५ डॉलरऐवजी ४ होतात. शिवाय जीपी२ला ५० जीबीवर बेसलाइन फक्त १५० आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनाची कामं) मिळतात, जीपी३ला ३००० कायम. ३३४ जीबीपासून पुढे जीपी२ सेकंदाला २५० एमबीपर्यंत थ्रूपुट (डेटाचा वेग) देतो आणि जीपी३ फुकटात १२५. उरलेल्या १२५चे महिन्याला ५ डॉलर पडतात. ५०० जीबीला ते धरूनही ५०ऐवजी ४५च होतात. या बदलासाठी सर्व्हर बंद करावा लागत नाही.