मेणाचं मशीन : दहा महिन्यांच्या वापरानंतर

हाताला गरम मेण लावायचं मशीन मागच्या दिवाळीत घेतलं. घेण्याआधी खूप शोधलं, पण सगळीकडे आठ-दहा दिवस वापरलेल्यांचंच लिहिलेलं. आमचं दुखणं आठ दिवसांचं नाही. म्हणून हिवाळा, मे महिना आणि अर्धा पावसाळा काढून मगच लिहायला बसले आहे.

मला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस होऊन अकरा वर्षं झाली. लोक सरसकट संधिवात म्हणतात, पण हा वयाने झिजलेला सांधा नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी दीड-दोन तास मूठ वळत नाही. अमळनेर तालुक्यात शिक्षिका होते. खडू धरणं जमेना तेव्हा नोकरी सोडली. त्या वर्षाबद्दल अजूनही फार बोलवत नाही.

मशीन म्हणजे झाकणाचं भांडं, खाली हीटर, आत पॅराफिन मेण. मेण ५२ ते ५४ अंशांवर ठेवायचं. मेणबत्तीचं मेण वितळवून वापरू नका, ते जास्त तापमानाला वितळतं आणि भाजतं. हात बुडवायचा, वर काढायचा, थर पांढुरका झाला की परत बुडवायचा, असे सात-आठ थर. मध्ये बोटं हलवायची नाहीत, थर तडकला तर गरम मेण आत शिरतं. मग प्लॅस्टिकची पिशवी, वरून टॉवेल आणि वीस मिनिटं गप्प बसायचं. अंगठी-बांगड्या आधी उतरवाव्या लागतात. 'काढल्या' म्हटलेलं सासूबाईंना चालत नाही, त्या स्वतः माझ्या हातातून एकेक सरकवून वाटीत ठेवतात. दुसरा हात गुंडाळायलाही त्याच लागतात. एकटं राहणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

मेण सोललं की बोटं तास-दीड तास मऊ राहतात. बस, एवढंच. आजार तसूभर हलत नाही. या आजारावरची मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरूच आहे, आणि ती आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर त्या वाराला लाल गोल केलेला आहे. रक्ताच्या तपासण्याही चुकवत नाही. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी मेण अजिबात लावू नये. जखम असेल किंवा हाताला बधिरपणा असेल तर तर नाहीच.

तक्रारी आहेत. पहिल्या मशीनचं तापमान नीट राहत नव्हतं, करंगळी पोळली. बदलून मिळायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी थर्मामीटर बुडवून बघितल्याशिवाय हात घालत नाही. मेण वितळायला दीड तास लागतो, मध्येच लाइट गेली की परत घट्ट. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना कढत मेणाजवळ बसणं नको वाटतं, पण पहाटे पाचला लावलं तर जमतं.

आता खरं सांगायचं ते. पहिले दोन महिने तो मऊ तास मी भाकरीत घातला. कळण्याच्या चार भाकरी थापल्या की बोटं परत आखडत, आणि मी पुन्हा 'काहीच होत नाही माझ्याने' म्हणत बसे. एक दिवस संध्याकाळी हात गुंडाळलेले असताना शेजारची तिसरीतली मुलगी पुस्तक घेऊन आली. घ्यायला हातच नव्हते. म्हटलं, तूच धर आणि वाच.

नोकरीत असताना मुलाच्या हातातलं पुस्तक मी लगेच आपल्या हातात घ्यायची, चुकलेल्या शब्दावर बोट ठेवायची. त्या दिवशी फक्त कान होते. ती 'फळा'ला 'फया' वाचत होती, 'डोळे'ला 'डोये'. घरात अहिराणीच बोलतात, तिथे 'ळ'चा 'य' होतो. मी थांबवलं नाही. पान संपेपर्यंत ऐकलं, तेव्हा कळलं की ती अडत नाहीये, तिला अर्थ सगळा लागतोय. पूर्वी मी दुसऱ्याच ओळीला तिला गप्प केलं असतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाकरी मी टाकसू, तू पोरेस्ले शिकाड."

आता पाच मुलं येतात. वीस मिनिटं ती वाचतात, मी ऐकते. मेण सोलल्यावरचा मऊ तास त्यांच्या वह्यांसाठी. जाड पेनने प्रत्येकाला दोन-दोन ओळी लिहून देते, अक्षर वाकडं येतं, मुलं कधी काही म्हणत नाहीत. सूज असते त्या दिवशी मेण नसतं, पण मुलं येतात आणि मी पडल्या पडल्या ऐकते. दुखतं तेव्हाही. या अकरा वर्षांत संध्याकाळची वाट बघितली नव्हती, ती आता बघते.

सोललेलं मेण हळू काढलं तर बोटांच्या आकारासकट निघतं, माझी बाहेरच्या बाजूला कललेली चारही बोटं त्यात दिसतात. चौथीतल्या मुलाने ते उजेडात धरलं आणि ओरडला, "बाई, यामा तुमना हात शे!" त्याने तो घरी नेऊन खिडकीत ठेवला. मे महिन्याच्या उन्हात तो बसकटला, तेव्हा नवीन मागायला आला. तेव्हापासून दर शनिवारी एक हात त्याचा, म्हणून मेण मागवताना मी अर्धा किलो जास्तीचं मागवते.