बिलात नवा बोर्ड, डबीत जुनाच

लहान संगणक दुरुस्तीला देणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं. वाचनालयं, शाळा, पतसंस्था अशा लोकांच्या पैशावर चालणाऱ्या ठिकाणांनी तर नक्कीच. आमच्या गावच्या वाचनालयाकडून एका दुरुस्तीवाल्याने ६,८०० रुपये घेतले. बिलावर लिहिलं होतं: नवीन बोर्ड ४,९००, १२८ जीबी कार्ड १,३००, मजुरी ६००. बोर्ड बदललाच नव्हता. कार्ड बनावट होतं. आणि मूळ दुखणं होतं एका फाइलमधल्या एका ओळीचं. दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. शिवाय ही पद्धत दुसऱ्या कुठल्याही दुकानात चालू शकते, म्हणून तीच नीट सांगतो.

आमचा संगणक म्हणजे रास्पबेरी पाय, ३ बी प्लस, २०१८ साली आलेलं मॉडेल. तळहातावर मावेल एवढा एकच बोर्ड. प्रोसेसर, १ जीबी रॅम, नेटवर्क, सगळं त्यावरच बसवलेलं, वेगळं काढून बदलता येईल असं काही नाही. आत हार्डडिस्कही नसते. सगळी सिस्टीम एका मायक्रोएसडी कार्डावर असते. वाचनालयात तो पुस्तकांची यादी आणि सभासदांची देवघेव सांभाळतो. मी नोकरीमुळे पुण्यात असतो, पण तो सुरुवातीला बसवला होता मीच. रॅम कमी म्हणून यूएसबीवर एक हार्डडिस्क जोडून तिच्यावर स्वॅपसाठी (रॅम भरली की वापरायची जादा जागा) एक भाग ठेवला होता आणि दुसऱ्या भागात रोजचा बॅकअप पडायचा. पुढे वाचनालयाच्याच ऑफिसातल्या मोठ्या संगणकाला डिस्क कमी पडू लागली, म्हणून ती तिकडे नेऊन लावली. पायचं काम तिच्यावाचूनही व्यवस्थित चालत होतं.

फक्त तो सुरू व्हायला वेळ लागू लागला. आमच्याकडे वीज जाते, आणि गेली की पाय पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आधी अर्ध्या-पाऊण मिनिटात यादी समोर यायची, ती आता दोन मिनिटं उलटली तरी येईना. स्क्रीनवर नुसतं स्वागताचं चित्र. संध्याकाळी पुस्तक बदलायला आलेली माणसं काउंटरसमोर उभी, आणि ग्रंथपाल बाई त्यांची समजूत घालून थकलेल्या. शेवटी खजिनदार काकांनी तो पिशवीत घातला आणि तालुक्याच्या दुकानात नेला.

दुकानदाराने चालू करून पाहिलं आणि म्हणाला, "काका, ह्याचा बोर्ड गेलाय. फार तर महिनाभर ओढेल, मग एक दिवस डेटासकट जाईल. कार्डपण जुनं झालंय. आत्ताच दोन्ही बदलून घ्या." डेटा जाईल म्हटल्यावर काका हबकले. सगळ्या सभासदांच्या नोंदी त्यात. त्यांनी होकार दिला. काही दिवसांनी पाय चकचकीत नव्या पांढऱ्या डबीत परत आला. चालू केला तर खरंच झटपट सुरू झाला. काकांनी जुना बोर्ड मागितला, तर "तो कंपनीला परत जातो, बायबॅकमध्ये" असं उत्तर मिळालं. बिल फाइलला लागलं. आमचं वाचनालय अनुदानावर चालतं, प्रत्येक पावती हिशेबतपासनिसापुढे जाते. त्यामुळे बिल पक्कं घेतलेलं होतं. पुढे त्याचाच उपयोग झाला.

मला शंका आली ती राउटरमुळे. पायला कायम एकच आयपी पत्ता (नेटवर्कमधला क्रमांक) मिळावा म्हणून राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्याची, म्हणजे बोर्डाच्या नेटवर्कच्या मूळ ओळखक्रमांकाची, नोंद केली होती. बोर्ड बदलला तर मॅक पत्ता बदलतो, मग आयपीही बदलायला हवा होता आणि ऑफिसच्या संगणकावरून यादी दिसायची बंद व्हायला हवी होती. पण सगळं जसंच्या तसं चालू. मी गावी गेल्यावर डेड स्टॉक रजिस्टर काढलं. त्यात पायच्या नोंदीपुढे बाईंनी स्वच्छ अक्षरात मॅक पत्ता लिहून ठेवला होता. संगणकावर दिसणारा पत्ता अक्षरन् अक्षर तोच.

दुकानदाराला फोन केला. तो गडबडला नाही. "सर, आम्ही जुनाच मॅक नव्या बोर्डला टाकून देतो, तुमची सेटिंग जाऊ नये म्हणून." हे उत्तर ऐकून नव्वद टक्के लोक गप्प बसतील, कारण सॉफ्टवेअरमधून मॅक पत्ता बदलता येतो हे खरं आहे. पण पायच्या चिपमध्ये एक अनुक्रमांकही असतो. तो कारखान्यातच कोरला जातो, बाहेर कुणाला बदलता येत नाही. प्रॉक फोल्डरमधली सीपीयूइन्फो (/proc/cpuinfo) ही फाइल उघडली की खालच्या ओळींत तो दिसतो. आणि ३ बी प्लसपर्यंतच्या बोर्डांत केबलच्या नेटवर्कच्या मूळ मॅक पत्त्याची शेवटची सहा अक्षरं ह्या अनुक्रमांकाच्या शेवटच्या सहा अक्षरांवरूनच येतात. म्हणजे रजिस्टरमध्ये काही वर्षांपूर्वी लिहिलेला मॅक पत्ता आणि आज चिपमधून वाचलेला अनुक्रमांक ह्यांची शेपटं जुळली, तर बोर्ड तोच. रजिस्टर मांडीवर घेऊन बाई एकेक अक्षर वाचत गेल्या आणि मी स्क्रीनवर बोट ठेवत गेलो. सहाच्या सहा जुळली.

मग तो झटपट सुरू कसा होऊ लागला? ईटीसी फोल्डरमध्ये एफएसटॅब (/etc/fstab) नावाची फाइल असते. संगणक सुरू होताना कोणकोणत्या डिस्क आणि कोणते भाग जोडायचे त्याची ती यादी. एका ओळीत एक. आमच्या यादीत त्या यूएसबी डिस्कवरच्या स्वॅपची ओळ होती. डिस्क तिथे नाही हे संगणकाला कळायला मार्ग नाही, म्हणून सिस्टीमडी (सुरू होतानाची सगळी कामं हाताळणारा प्रोग्राम) तिची वाट पाहत थांबायचं. ठरलेली मुदत ९० सेकंद. तेवढा वेळ गेला की नाद सोडून पुढे जायचं. उशीर होता तो नेमका एवढाच. ऑफिसच्या संगणकावर गेलेल्या डिस्कमध्ये बॅकअप होताच, त्यातली जुनी एफएसटॅब काढून आजच्या फाइलशेजारी ठेवली. फरक एका चिन्हाचा: स्वॅपच्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) आला होता. हॅश असलेली ओळ संगणक वाचत नाही. म्हणजे दुकानदाराला रोग अचूक कळला होता. बोर्ड चांगला आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच त्याने ४,९०० रुपये लावले. माझा सगळा राग ह्या गोष्टीचा आहे. कारण शोधणं हे कौशल्याचं काम आहे, त्याचे पाचशे-हजार त्याने मागितले असते तर कमिटीने एका शब्दाने विरोध केला नसता.

तुमचा पाय किंवा लिनक्स ह्या मोफत सिस्टीमवर चालणारा दुसरा कुठलाही संगणक अचानक असा रेंगाळू लागला, तर दुकानात नेण्याआधी घरीच एवढं बघा. सुरू होताना स्वागताचं चित्र दिसत असेल तेव्हा एस्केप दाबा. चित्र हटून ओळी दिसू लागतात. त्यात 'ए स्टार्ट जॉब इज रनिंग' अशी ओळ, डावीकडे इकडून तिकडे सरकणारे लाल तारे आणि पुढे १ मिनिट ३० सेकंदांची मुदत दाखवणारं घड्याळ दिसलं, तर संगणक बहुधा कुठल्या तरी डिस्कची वाट पाहतोय. सुरू झाल्यावर जर्नलकंट्रोलच्या (journalctl) नोंदींत 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस' ही ओळ सापडते, आणि तिच्यात त्या डिस्कचा यूयूआयडीही (लांबलचक ओळखक्रमांक) असतो. लिस्टब्लॉक (lsblk -f) किंवा ब्लॉकआयडी (blkid) ही आज्ञा देऊन सध्या जोडलेल्या डिस्कचे यूयूआयडी बघा. नोंदीतला यूयूआयडी तिथे नसेल तर तो तुमचा चोर. सिस्टीमडी-अ‍ॅनालाइझ (systemd-analyze) चालवलं की सुरू व्हायला एकूण किती वेळ गेला तेही कळतं.

डिस्क कायमची काढली असेल तर ओळीपुढे हॅश. कधी असते कधी नसते अशी असेल तर त्या ओळीच्या चौथ्या रकान्यात 'नोफेल' (nofail) घाला, आणि जोडीला सिस्टीमडीची डिव्हाइस-टाइमआउट ही सूचना १० सेकंदांची (x-systemd.device-timeout=10s). स्वॅप सापडला नाही तर संगणक निदान पुढे तरी जातो; साध्या फाइलींचा भाग नोफेलशिवाय लिहिलेला असेल आणि सापडला नाही, तर तो थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन अडकतो. पायवर बऱ्याचदा तिथे रूट (सगळे अधिकार असलेलं मुख्य) खातं बंद असल्याचा निरोप येतो आणि कीबोर्डने काहीच करता येत नाही. लोकांना वाटतं, संपला संगणक. दुकानदाराला तर आयतंच गिऱ्हाईक. तेव्हा कार्ड काढून दुसऱ्या लिनक्स संगणकात घालायचं आणि ती ओळ तिथून दुरुस्त करायची.

आता कार्ड. त्यावर नावाजलेल्या कंपनीची छपाई आणि १२८ जीबीचा आकडा. पण आतला सिस्टीमचा भाग जेमतेम १५ जीबीचा दिसत होता, कारण आमच्या जुन्या १६ जीबी कार्डाची नक्कल जशीच्या तशी उतरवून भाग वाढवलाच नव्हता. हे आळसाने झालं नसावं असं माझं मत आहे. बनावट कार्डात आतली मेमरी थोडी असते आणि कंट्रोलरला (कार्ड चालवणाऱ्या चिपला) खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. खऱ्या मेमरीच्या हद्दीत राहिलात तर कार्ड उत्तम चालतं. हद्द ओलांडली की फाइलींची नावं दिसतात, पण आतला मजकूर गेलेला असतो किंवा जुन्यावर लिहिला गेलेला असतो, आणि वर चूक झाल्याची सूचनाही येत नाही. मी आधी सगळी सिस्टीम दुसऱ्या खात्रीच्या कार्डावर घेतली, मग हे कार्ड रिकामं करून एफ३ ह्या मोफत साधनाने तपासलं. एफ३ म्हणजे फाइट फ्लॅश फ्रॉड; ते कार्ड काठोकाठ भरतं आणि भरलेलं परत वाचून पडताळतं. विंडोजवर हेच काम एच२टेस्टडब्ल्यू करतं. भरायला काही तास लागले. वाचताना साधारण ३२ जीबीपर्यंत सगळं व्यवस्थित होतं, पुढचं सगळं खराब. नवीन कार्ड किंवा पेनड्राइव्ह कुठूनही घ्या, वापरायला काढण्याआधी ही तपासणी करा. परत करायची मुदत संपायच्या आत करा.

दुकानात देताना काय करायचं हे आता आमच्या कमिटीने ठरवून टाकलं आहे. वस्तू बाहेर जाण्याआधी स्क्रीनवरच्या अनुक्रमांकाचा आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो. बदललेला प्रत्येक भाग त्याच वेळी परत, नाहीतर पैसे नाहीत. कार्ड शक्यतो द्यायचंच नाही. बोर्ड तपासायला दुकानदाराने स्वतःचं कार्ड घालून बघावं. बोर्ड खरंच खराब असेल तर तो दुसऱ्या कार्डावरही रडेल, आणि आमचा तर दुसऱ्या कार्डावर धावला असता. पायमध्ये रॅम वाढवून देतो किंवा सिस्टीमचं लायसन्स भरावं लागेल असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठा. ह्या बोर्डाची रॅम वाढत नाही आणि रास्पबेरी पाय ओएस मोफत आहे.

आम्ही वाचनालयाच्या लेटरहेडवर लेखी पत्र दिलं, सोबत बिलाची आणि रजिस्टरच्या पानाची प्रत जोडली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रारही नोंदवली. त्यानंतर दुकानदाराने बोर्डाचे ४,९०० परत केले, "दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल चुकून तुम्हाला लागलं" म्हणत. कार्ड अस्सलच आहे असं तो अजून म्हणतो. त्या रकमेसाठी आणि मजुरीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं कमिटीने ठरवलं आहे.

आमचं मूळ कार्ड मात्र त्याने परत दिलेलं नाही. "फेकून दिलं" म्हणतो. त्या कार्डावर सगळ्या सभासदांची नावं, पत्ते आणि मोबाइल क्रमांक आहेत, शाळकरी मुलांचेसुद्धा. आम्ही सगळे पासवर्ड बदलले, सूचनाफलकावर सभासदांना स्पष्ट कळवलं, आणि वाचनालयाच्या नावाने ओटीपी किंवा वर्गणी मागणारा फोन आला तर आधी बाईंना विचारा असं प्रत्येकाला सांगतो आहोत. कार्ड परत मिळावं म्हणून पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, त्याची पोच बिलाच्याच फाइलला लावली आहे.