नाणं वाजवून भिंत दाखवणाऱ्यापासून सावध राहा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या दोन भिंती, आणि माझे 28,300 रुपये. हसायचं तर हसा. बँकेत बत्तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या मी.

ॲडव्हान्स घेऊन पळणारे सगळ्यांना माहीत आहेत. हा प्लास्टरवाला पठ्ठ्या पाच दिवस येऊन राबला. पहिल्या दिवशी खिशातून रुपया काढून त्याने भिंत वाजवली. "ऐका काका, बद्द बद्द. आतून सुटली आहे पूर्ण." खोटं नव्हतं ते. भाव 65 रुपये चौरस फूट, माप 320 फूट. 15,000 ॲडव्हान्स, वॉटरप्रूफ केमिकलचे 7,500 वेगळे, शेवटी 5,800. नंतर मी स्वतः टेप लावला तर भिंत 262 फूट भरली! म्हणजे 3,770 रुपये तर नुसत्या हवेचे. माप घेताना टेपचं दुसरं टोक तुमच्या हातात ठेवा.

आता जे आठवलं की अजूनही झोप उडते ते सांगतो. तिसऱ्या दिवशी दुपारी स्विचबोर्डच्या कडेला नव्या प्लास्टरखाली निळी रेघ दिसली. आमचा जुना डिस्टेंपर! याने प्लास्टर विटेपर्यंत काढलंच नव्हतं. दारासमोर तेवढं फोडलं आणि बाकी ठिकाणी टोचे मारून वरूनच थापलं. मी विचारलं, तर म्हणे, "बोर्डाच्या कडेला ठेवावंच लागते काका, वायर ओली होते नाहीतर." आणि मी, शहाणा माणूस, त्याच्यासाठी चहा सांगितला.

भिंत आदल्या रात्री भिजवली नाही, विटांचे सांधे खरवडले नाहीत. मे महिना, नागपूरचं ऊन, आणि हा म्हणतो, "केमिकल टाकलंय, तराईची गरज नाही." वॉटरप्रूफ केमिकल टाकलं म्हणून तराई चुकत नाही. किमान सात दिवस पाणी मारावंच लागतं. पण तेव्हा बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर होतं, मी कुठे कुठे बघणार होतो?

जुलैत रात्री दोन वाजता टेबलाएवढा पोपडा पलंगाशेजारी पडला. पाठीमागे निळा रंग जसाच्या तसा.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, निदान त्याला फोन तरी लावा. लावला. बंद. "मग आम्ही काय करू?" वर साहेबांनी विचारलं काय, तर भाव किती लावला होता. 65 ऐकून म्हणाले, "बरा होता." बरा होता! दुसऱ्यांदा गेलो तर तेच साहेब सुटीवर, आणि माझा अर्ज कुणालाच सापडेना. तिसऱ्यांदा सल्ला मिळाला, "काका, या वयात कशाला दगदग करता?"

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण मुदत दोन वर्षांची. नोटीस पाठवायला पत्ता मात्र लागतो. माझ्याकडे काय होतं? बंद नंबर, आणि यूपीआयवर कुण्या बाईचं नाव. आधार कार्डाचा फोटो आधी घ्या, चहा नंतर पाजा. आणि कागदावर सही घेतल्याशिवाय रुपया देऊ नका.

आणखी एक. आमच्यासारख्या चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट थापलं की आतली ओल कोंडते आणि खार फुटतो. हे मला नव्या मिस्त्रीने सांगितलं. त्याने अजून भाव सांगितलेला नाही.

तो नाणंवाला पांढऱ्या दुचाकीवर येतो, वय चाळिशीच्या आसपास, "काका" फार गोड म्हणतो. रुपया शर्टच्या खिशात ठेवतो.