दोन घरचा पाहुणा आणि आमचं धुराडं

आमचं घर इंग्लंडात, रेडिंगला. लाल विटांच्या, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या व्हिक्टोरियन घरांपैकी एक. इथे चिमणी म्हणजे शेगडीवरची फिल्टरवाली नव्हे, छपरावरचं धुराडं. दोन घरांच्या सामाईक भिंतीवरून विटांचा एकच खांब वर जातो, पण आत प्रत्येक शेकोटीची धुराची नळी वेगळी आणि नळीच्या तोंडाशी मातीचा एक पॉट. आमच्या धुराड्यावर सहा पॉट आहेत. तीन आमचे, तीन शेजारच्या आजींचे. हे आता मी झोपेतही सांगेन, पण तेव्हा कधी मान वर करून मोजलेही नव्हते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी बेल वाजली. दारात कामाच्या कपड्यांतला, अतिशय अदबशीर माणूस. "मागच्या गल्लीत छपराचं काम करतोय. तिथून दिसलं, तुमच्या चिमणीच्या विटा सुटल्यात. वादळात खाली येतील." मी काही बोलायच्या आत शिडी लावून वर गेला आणि फोनवर फोटो घेऊन खाली आला. पॉटभोवतीचा सिमेंटचा थर तडकलेला, एक पॉट कलंडलेला. खर्च 1,800 पौंड. "पण निम्मा बाजूच्या बाई देतायत, माझं बोलणं झालंय. पार्टी वॉल म्हणजे सामाईक भिंतीच्या कायद्याने द्यावाच लागतो." म्हणजे मला 900. रोख दिले तर 20 टक्के व्हॅटही नाही.

आजींकडे तो आधीच जाऊन आला होता, हे खरं. तिथे त्याने सांगितलं होतं की बाजूचे भारतीय तयार आहेत, एकूण खर्च 2,600, तुमचे 1,300. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा दोन्ही घरी पोटभर जेवून गेला.

मी आजींना विचारलं का नाही? लाज. म्हाताऱ्या बाईशी पैशावरून कुठे बोलायचं, त्यांना वाटेल हा घासाघीस करतोय. आजींनाही नेमकं हेच वाटलं होतं, ते नंतर कळलं. आमच्यामधलं कुंपण छातीएवढंही उंच नाही.

काम तीन तासांत आटोपलं. परांची नाही, काही नाही. एक शिडी आणि एक बादली. खालून सगळं गुळगुळीत, करड्या रंगाचं दिसत होतं. मी त्याला चहासुद्धा दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी सपाता घालून दारात. त्यांच्या बैठकीत गॅसची शेकोटी आहे, तिची नळी त्याच धुराड्यातून जाते. मुलाने भिंतीला लावून दिलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोकलत होता. या वायूला ना रंग ना वास. तो अलार्म नसता तर... जाऊ दे. शेकोटी बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या, आजींना आमच्याकडे बसवलं आणि गॅसच्या आणीबाणीच्या 0800 111 999 या नंबरवर फोन केला. माणूस आला, त्याने गॅस तोडला.

मग नोंदणी असलेल्या कारागिराला वर चढवलं. त्याने पाठवलेले फोटो बघून मी खुर्चीत बसलो. 'पाणी आत जाऊ नये म्हणून' आमच्या महाशयांनी सहापैकी चार पॉटांवर पाटीच्या दगडाचे तुकडे ठेवून वर सिमेंट थापलं होतं, त्यात आजींचा चालू पॉटही बुजवला. छप्पर आणि विटा मिळतात तिथे शिशाचा पत्रा हवा, तिथे डांबरी चिकटपट्टी मारून वरून करडा रंग फासलेला. जुन्या विटांच्या सांध्यांत चुन्याऐवजी कडक सिमेंट. आणि त्या पहिल्या फोटोत चारच पॉट होते. ते धुराडं आमचं नव्हतंच.

त्या महाशयांचा फोन बंद. पावतीवरच्या पत्त्यावर कुलूप लावलेलं दुकान.

आता कायद्याचं. 1996 च्या पार्टी वॉल कायद्यात 'निम्मं द्यावंच लागतं' असा सरसकट नियम नाही. त्या भिंतीचा कोण किती वापर करतो, दोष कुणामुळे, यावर वाटा ठरतो, आणि तो दारात आलेला ठेकेदार ठरवत नाही. दुसरं म्हणजे, घरी येऊन ठरवलेलं असं काम ग्राहक-करारांच्या 2013 च्या नियमांप्रमाणे चौदा दिवसांत रद्द करता येतं, आणि हा हक्क त्याने लेखी सांगितला नसेल तर मुदत आणखी वाढते. मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी पळालेल्या माणसाकडून रोकड कशी काढणार? क्रेडिट कार्डाने दिले असते तर 100 पौंडांवरच्या व्यवहाराला कार्ड कंपनीही जबाबदार धरता आली असती. व्हॅट वाचवायला गेलो आणि तो दरवाजाही मीच लावून घेतला. ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी विभागाकडे, तक्रार केली आहे. माझे 900 गेले, आजींचे 1,300.

खऱ्या दुरुस्तीला परांची बांधावी लागली. या वेळी कारागिराला एकच अट घातली: अंदाजपत्रक दोघांना एकाच ईमेलमध्ये पाठव. आजी चष्मा लावून कुंपणापाशी आल्या, आकडा मोठ्याने वाचला. मी माझ्या फोनवरचा वाचला. मग त्यांनी बोट वर करून पॉट मोजले, "वन, टू, थ्री..." सहापर्यंत.