गच्चीवरचा वायुभारमापक: बीएमई २८० वर्षभर वापरल्यानंतर

बीएमई २८० हा नखाएवढाही नसलेला सेन्सर तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब अशा तीन गोष्टी मोजतो. बहुतेक लोक तो पहिल्या दोन गोष्टींसाठी घेतात. मीही त्यासाठीच घेतला होता. आता वर्ष होत आलं, आणि कुणी विचारलं तर मी सांगतो की हा दाबासाठी घ्या. तापमान तो नीट मोजतो, पावसाळ्यातल्या आर्द्रतेसाठी त्याच्यावर फार विसंबू नये, पण दाबातले चढउतार तो इतके बारीक टिपतो की दिवसभराचं कोडिंग आटोपल्यावर मी अजूनही रोज त्याचा आलेख उघडून बघतो.

आधी मांडणी सांगतो. आमचं घर नाशिकच्या इंदिरानगरला. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला, जिथे ऊन कमीत कमी पडतं, तिथे सेन्सर बसवला आहे. कुंड्यांखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा एकावर एक, मध्ये बोटभर फट ठेवून लांब स्क्रूंवर ओवल्या आणि मधल्या बशांना भोक पाडून सेन्सर आत टांगला. वारा खेळतो, पाऊस आणि ऊन थेट लागत नाही. सेन्सर वाचून वाय-फायवरून आकडे पाठवणारा ईएसपी ३२ चा छोटा बोर्ड मात्र वेगळ्या डबीत, हातभर वायरीच्या अंतरावर. हे अंतर ठेवाच. वाय-फाय चालू असताना बोर्ड गरम होतो, आणि सेन्सर त्याला चिकटून असेल तर तापमान सरळ एक-दोन अंश जास्त दिसतं. तयार ‘वेदर स्टेशन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक डब्यांत दोन्ही एकत्रच कोंबलेले असतात. तसले घेऊ नका.

दर मिनिटाला एक नोंद घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जाते आणि एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये साठते. वर्षाच्या ५,२५,६०० ओळी होतात, म्हणजे फाइल काही दहा एमबींची. यासाठी मोठा डेटाबेस किंवा क्लाउडची वर्गणी काहीही लागत नाही. आपल्या गच्चीवरची हवा आपल्याच फाइलमध्ये असणं मला फार मोलाचं वाटतं.

सेन्सर बॉशचा आहे. सातपूरच्या ज्या कारखान्यामुळे मायको सर्कलला नाव मिळालं, तीच कंपनी; मायको हे तिचं इथलं जुनं नाव. नाशिकचा कारखाना डिझेल इंजिनांच्या इंजेक्टरांसाठी ओळखला जातो, या सेन्सरांशी त्याचा संबंध नाही. खरेदी करताना मात्र जपून. बीएमईच्या नावाखाली बीएमपी २८० सर्रास विकला जातो, त्यात आर्द्रता मोजायची सोयच नसते. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मलाही पहिल्यांदा तोच आला. ओळखायची खूण सोपी आहे. बीएमईचं धातूचं झाकण चौरस असतं, बीएमपीचं आयताकृती. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे चिपलाच विचारणं. तिचा आयडी हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी. प्रोग्राम सुरू होतानाच हा आयडी छापून घ्या आणि परत करायची मुदत संपायच्या आत बघा.

आता दाब. पहिल्या दिवशी आकडा ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास येतो आणि नव्या माणसाला सेन्सर बिघडलेला वाटतो, कारण शाळेत आपण १०१३ शिकलेलो असतो. तो समुद्रसपाटीचा आकडा. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तेवढा हवेचा थर आपल्या पायाखाली राहिला. इथल्या हवेत एक मजला चढलं की दाब साधारण ०.३ हेक्टोपास्कलने उतरतो आणि हा फरक सेन्सर अगदी स्वच्छ दाखवतो. बोर्डाला पॉवर बँक लावून सोसायटीच्या लिफ्टमध्ये मुलांना घेऊन जा, प्रत्येक मजल्याची पायरी आलेखात उमटलेली बघून त्यांचे डोळे चमकतात. तोच संच मी पंचवटी एक्सप्रेसमधून मुंबईला नेला. इगतपुरी आणि कसारा यांच्यात उंचीचा फरक साधारण ३०० मीटरांचा. थळ घाटात चढ ३७ ला १ असल्यामुळे वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात, हे आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. उतरताना आलेखावर दाबाची रेघ तीसेक हेक्टोपास्कलांनी वर चढत गेली, आणि घाट संपला तिथे तिचा चढही मंदावला.

पण खरी गंमत घरी, काहीही न हलवता दिसते. आठवडाभराच्या नोंदी एकत्र काढल्या तर दाबाची रेघ रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते. सकाळी साडेदहाच्या सुमारास वर, दुपारी चार-साडेचारला खाली, रात्री पुन्हा साडेदहाच्या आसपास वर, पहाटे पुन्हा खाली. एका दिवसातला हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलांचा. आकाश निरभ्र असो की ढगाळ, ती चालूच.

मला आधी सेन्सरचीच शंका आली. दिवसा तो तापतो, म्हणून दाब चुकीचा सांगत असेल? माहितीपत्रक उघडलं. तापमानामुळे होणारी चूक अंशाला जास्तीत जास्त दीड पास्कल, आणि शंभर पास्कल म्हणजे एक हेक्टोपास्कल. आमच्या गच्चीवर दिवसरात्रीचा फरक पंधरा अंश धरला तरी चूक पाव हेक्टोपास्कलच्या आतच राहते. शिवाय तापमान दिवसातून एकदा वर जातं, ही लाट दोनदा येते. म्हणजे लाट हवेचीच.

तिला वातावरणातली भरती-ओहोटी म्हणतात. सूर्याच्या उष्णतेने ती उठते. उंचावरचा ओझोन आणि खालची पाण्याची वाफ ऊन शोषतात, हवा तापून प्रसरण पावते आणि साऱ्या पृथ्वीभोवती लाटा फिरू लागतात. त्यांतली बारा तासांची लाट जमिनीवर सर्वांत ठळक पोचते, आणि विषुववृत्ताजवळ ती जास्त मोठी असते. उत्तरेकडच्या देशांत वादळांच्या मोठ्या चढउतारांत ती बुडून जाते. आपल्याकडे, २० अक्षांशावर, ती रोज उघड्यावर दिसते. सगळ्या नोंदींवर फूरिये रूपांतर, म्हणजे मिसळलेल्या लाटा कालावधीनुसार वेगळ्या काढणारं गणित, चालवलं तर बारा आणि चोवीस तासांवर दोन सुळके उभे राहतात. आठ-दहा ओळींचा पायथन कोड आहे. ते सुळके पहिल्यांदा बघितले तेव्हा झालेला आनंद मला ऑफिसातल्या कुठल्याही रिलीजने दिलेला नाही. वर साडेदहा म्हटलं त्यालाही कारण आहे. ही लाट सूर्याच्या दहा वाजता शिखरावर असते, आणि आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं. नाशिक ७३.८ वर. इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे चालतो, आणि माझ्या आलेखात तो उशीर दिसतो.

वळीव तर बघण्यासारखाच. मे महिन्यात दुपारी ढग दाटतात, वारा सुटतो, आणि काही मिनिटांत तापमान दहा-बारा अंश कोसळतं. त्याच क्षणी दाब मात्र उसळी घेऊन वर जातो. ढगातून खाली आदळणारी थंड हवा जड असते, तिचा हा भार. मातीचा वास येतो तोवर आलेखावर दोन्ही रेघा एकमेकींना छेदून गेलेल्या असतात. आषाढात मग रेघ एकूणच खाली बसते, हिवाळ्याच्या तुलनेत दहाएक हेक्टोपास्कलांनी.

आर्द्रतेबद्दल थोडक्यात. कोरड्या दिवसांत ठीक आहे, कंपनीच अधिक-उणे तीन टक्के सांगते. श्रावणातल्या झडीत बशांच्या आत दमट हवा कोंडते, सेन्सरवर पाणी धरतं, आणि बाहेर उघडीप झाली तरी आकडा कितीतरी वेळ शंभरावर अडकून राहतो. हवेच्या ओलाव्यावर तुमचं काम अवलंबून असेल तर हा सेन्सर पुरेसा नाही.

हे मला पटवून दिलं मामाने. निफाड तालुक्यात त्याची थॉमसन द्राक्षांची बाग आहे. दुसरा संच मी तिथे लावला, डावणी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाचा अंदाज यावा म्हणून. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघाली तेव्हा मामा फोनवर म्हणाला, “अरे, आर्द्रता ठेव बाजूला. पान ओलं आहे का कोरडं, ते सांगतं का तुझं यंत्र?” सांगत नाही. डावणीला पानावरचं पाणी लागतं, आणि पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजायला वेगळा सेन्सर असतो. मामाचा प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा नेमका होता.

थंडीत मात्र तो संच कामी आला. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो. आम्ही बांधावर उघड्या जागी तापमान मोजणारे डीएस १८बी२० जातीचे दोन प्रोब लावले, एक जमिनीपासून वीतभर, दुसरा पुरुषभर उंचीवर. वारा पडलेल्या निरभ्र रात्री खालचा प्रोब दोन-तीन अंश कमी दाखवतो. ढग आले की फरक जवळजवळ नाहीसा होतो. जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि तिला चिकटलेली हवा सर्वांत आधी गार पडते, हे इथे आकड्यांत दिसतं. कडाक्याच्या थंडीत मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, म्हणून बागाईतदार पहाटे ठिबक चालू करतात, शेकोट्या पेटवतात. आता खालचा प्रोब मामाने ठरवलेल्या आकड्याखाली गेला की त्याच्या फोनवर संदेश जातो. तो उठून आधी बाहेर हात फिरवून बघतो आणि मगच ठिबक सोडतो. मला ते अगदी योग्य वाटतं.

बागेत संच लावणार असाल तर बॅटरीचा हिशेब आधी करा. झोपलेल्या ईएसपी ३२ चिपला दहाएक मायक्रोअँपिअर पुरतात असं वाचून लोक खूश होतात, पण बाजारात मिळणाऱ्या साध्या बोर्डावरचा दिवा, रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप मिळून कित्येक मिलिअँपिअर खातात. दहा मिलिअँपिअर धरले तर २,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा सेल दहा दिवसांत संपतो. झोपेत कमी वीज घेणारा बोर्ड शोधा. ईएसपी ३२ चं वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. घरापासून बाग लांब असेल तर लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ घ्या, आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही.

बोर्ड आणि सेन्सर मिळून खर्च हजार रुपयांच्या आसपास. दाबाचा आकडा वर्षाला एखाद्या हेक्टोपास्कलने सरकू शकतो असं कंपनी सांगते, मला त्याची अडचण नाही. मला लाटा हव्या आहेत, आणि इतक्या सावकाश सरकण्याने लाटा बिघडत नाहीत.

कारण आता मी चंद्राच्या मागे लागलो आहे. चंद्रही हवेला ओढतो. त्याची लाट १२ तास २५ मिनिटांची आणि अतिशय बारीक, विषुववृत्तापाशी जेमतेम ०.०८ हेक्टोपास्कल. पॅरिसच्या नोंदींमधून ती काढायचा प्रयत्न लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने केला होता, पण नोंदी अपुऱ्या पडल्या. १८४० च्या दशकात ती सापडली अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर, कारण उष्ण कटिबंधात लाट मोठी आणि हवेचा गोंधळ कमी. आपणही त्याच पट्ट्यात आहोत. माझ्या फाइलमध्ये त्या जागी अजून नुसता खरखराट आहे. वर्षभराच्या नोंदी कमी पडतात, म्हणून सेन्सर जिथे आहे तिथेच राहील आणि पुढच्या पावसाळ्याआधी बशा तेवढ्या बदलीन, उन्हाने त्या पिवळ्या पडायला लागल्या आहेत.