आईंसाठी घेतलेली सोलापुरी चादर

सासूबाई 86 वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत 34 वर्षं शिकवलं, निवृत्तीनंतर माझी दोन्ही मुलं सांभाळली, म्हणून माझी नोकरी टिकली. त्यांची जुनी चादर पार विरली, तेव्हा सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी मधल्या मारुतीजवळच्या एका दुकानातून नवी घेतली.

जकार्ड मागावरची (हा माग नक्षी कापडातच विणतो), अस्सल सुती. नक्षी छापलेली नाही, विणलेली. उलटीकडूनही रंग पालटून तीच दिसते. घेताना चादर उलटून बघाच, भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या खास मालाला मिळणारी अधिकृत ओळख) असलेल्या मालाच्या नावावर छापील चादरी खपवतात. पहिल्या धुण्यात लाल रंग थोडा गेला, हे दुकानदाराने आधी सांगायला हवं होतं. वेगळी भिजवा. नंतर रंग गेला नाही, उलट चादर मऊ पडली.

आईंनी चष्मा लावला आणि काठाची वीण बोटाने चाचपत गेल्या, वह्या तपासायच्या तशा. "एकही दोरा सुटलेला नाही गं," म्हणाल्या. मग अर्धी चादर शेजारी झोपलेल्या पणतीच्या अंगावर ओढली. वजनाला जड आहे, पण त्यांच्या दुखऱ्या पायांना तेच बरं वाटतं. आता नातसुनेसाठी दुसरी आणायला सांगितलीय, पैसे स्वतःच्या पेन्शनमधून.